व्हीसीडीचा ठराव

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण ही माझीच फजिती आहे.

मी तेव्हा आमच्या गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन होतो. कसला कडक, विचारू नका! दुधात पाण्याचा नुसता संशय आला, तरी मी चारचौघांत दूध परत करायचो. संचालकांतले बंकटकाका वयानं वडिलांएवढे, पण त्यांचीही कॅन मी परत पाठवलेली, वर भाषण दिलं ते वेगळंच.

त्या साली पावसानं पाठ फिरवलेली. प्यायलासुद्धा टँकरचं पाणी. जनावरं कशी जगवायची याच्या सीडी तालुक्याहून येणार होत्या, म्हणून सोसायटीच्या टीव्हीला मशीन घ्यायचं ठरलं. आमचे सचिव भागवतराव म्हणाले, व्हीसीडीचं घेऊ, स्वस्त पडतंय. मी हटून बसलो, घ्यायचं तर डीव्हीडीचंच. चित्र कसं लख्ख दिसतं!

योगायोगानं पुतण्याचं लग्न नुकतंच झालेलं. फोटोवाल्यानं शूटिंग दोन्हींत दिलं होतं, व्हीसीडी तीन आणि डीव्हीडी एकच. म्हटलं, संचालकांना समोरासमोर दाखवतो, मग तर पटेल?

घरी माझ्याकडं व्हीसीडीचंच मशीन. त्यावर बघून मी मुद्दाम एक अवघड जागा हेरली. पुढं नवरदेव घोड्यावर, आणि लांब मागं आमच्या गोठ्यापाशी कुणीतरी वाकलेलं. गुलाबी फेटे सगळ्यांनाच बांधलेले, त्यामुळं माणूस काही ओळखू येईना. नुसते चौकोन चौकोन. परीक्षेला याहून चांगली जागा कुठली?

बैठकीच्या दिवशी फोटोवाल्याचं डीव्हीडीचं मशीन मागून आणलं. आधी व्हीसीडी लावली, त्या जागी थांबवली. कोण आहे ते कुणालाच सांगता आलं नाही. मी खूश. मग डीव्हीडी लावून तिथंच थांबवली, आणि टीव्हीकडं पाठ करून मास्तरासारखा सगळ्यांपुढं उभा राहिलो.

"आता वळखा. कोन हाय?"

"तुमीच की," भागवतराव म्हणाले.

"बघा! आन् हातात काय हाय?"

"तांब्या."

"तांब्यासुदिक कळतो. म्होरं काय हाय?"

"सोसायटीची दुधाची कॅन."

"मग मी करतोय काय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, चित्र बघून मंडळी गार झाली. मग मी वळून बघितलं.

त्याचं काय झालं होतं, वऱ्हाडाच्या चहातच निम्मं दूध संपलं होतं. चेअरमनच्या घरची कॅन अर्धी गेली तर लोक काय म्हणतील? म्हणून घाईघाईत दोन तांबे ओतले होते आणि विसरूनही गेलो होतो. कॅमेरा नवरदेवाकडं होता हो!

खुर्ची गेली, अब्रू गेली, एवढंच डोक्यात. बंकटकाका उठले. चष्मा सावरत पार टीव्हीपाशी गेले, बराच वेळ निरखत राहिले. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चेअरमन, दुधाचं ऱ्हाऊ द्या," ते शांतपणे म्हणाले. "एवढ्या दुष्काळात पानी कुठून आनलं, तेवढं सांगा."

त्या बैठकीत ठराव एकमतानं मंजूर झाला की सोसायटीनं व्हीसीडीचंच मशीन घ्यावं.

सूचक मीच होतो.