भाऊजींची गाडी आणि उन्हाचं वैर

मे महिन्यातला रविवार, सकाळ. हजर : मी, माझी थोरली बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी आणि भाऊजींची गाडी. गाडीला हजेरीत न धरलं तर भाऊजींना राग येतो.

उन्हाला जातीनं वैरी मानणारा असा माणूस आमच्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही; गोंदिया आमच्यातच होता तेव्हाच्या मोठ्या जिल्ह्यातही सापडला नसता. भाऊजी पवनीचे, घराणं विणकराचं. शाळेची जुनी मिनीबस घेऊन, बाकडी उपटून, खाट आणि शेगडी बसवून त्यांनी तिचं फिरतं घर केलं आणि उरलेलं आयुष्य ते गार ठेवण्यात घालवायचं ठरवलं. प्रत्येक खिडकीला त्यांनी स्वतः विणलेला जाड सुती पडदा, तोही काचेच्या बाहेरून बांधलेला आणि पाणी मारलेला. "ऊन काचेच्या आत आलं का पाहुणा नाही राहत, घरजावई होते!" एकदा लाखनीला चहापुरते थांबलो, तर सावली सरकेल तशी त्यांनी तीनदा गाडी फिरवली. शेवटी एक ट्रकवाला ओरडला, "काका, गाडी लावून राहिले का आरती ओवाळून राहिले?"

त्यांना सुधारायचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. खिडक्यांना नंबर दिले, मापं घेतली, चकचकीत चंदेरी पत्रे कापून आतून बसवले. भाऊजींनी आत डोकावून पाहिलं. "मॅनेजरबाई, मले का डब्यातली पोळी समजली का?"

त्या रविवारी मात्र आमची युती होती. आदल्या उन्हाळ्यात ताईला उन्हाची भोवळ आली होती. तेव्हापासून उन्हाचं बाहेर पडणं बंद आणि माहेर, म्हणजे दिघोरी, दूर गेलेलं. तिला तिथे न्यायचं, तर माझे पत्रे आतून आणि भाऊजींचे पडदे बाहेरून, दोन्ही लावले. गाडी रांजणासारखी गार झाली. मी खूश. वेळापत्रकाप्रमाणे पूल आला तशी मी जाहीर केलं, "ताई, वैनगंगा!"

"कुठी?" अंधारातून आवाज आला.

एका फटीतूनही काही दिसत नव्हतं. आम्ही ताईला माहेरी नेत नव्हतो, पार्सल पाठवत होतो. पूल संपला तशी ताई म्हणाली, "अजी, अंधारातच बसाचं होतं तं घर का वाईट होतं? फिरवा गाडी. मले नाही जाचं आता कुठीच."

भाऊजींनी गाडी कडेला घेतली. कधी नव्हे ते सावली न बघता. तिच्या खिडकीचा माझा पत्रा काढून फेकला आणि म्हणाले, "हलू नोको." तिच्या डोळ्यांसमोर काचेवर बोट ठेवून उंची हेरली आणि बाहेर उतरले. उन्हात उभं राहून त्यांनी पडद्यातले आडवे धागे एकेक ओढून काढले, चार बोटं रुंद. बाणा गेला, उभा ताणा राहिला. ऊन बाहेरच अडलं आणि त्या पट्टीतून धानाचे कोरडे बांध दिसू लागले, पलीकडे बोडी, तिच्या तळाशी उरलेल्या पाण्यात दोन बगळे. ताईनं काचेला नाक लावलं. मग म्हणाली, "चाला. पण हळू चालवा."

पुढे भाऊजींनी सगळेच पडदे नव्याने विणले, ज्याच्या-त्याच्या बसल्यावरच्या डोळ्यांच्या उंचीला पट्टी मोकळी ठेवून. राहिला तो फक्त माझा. "बस ना वो जराशी, माप घेऊन घेतो," ते दर खेपेला म्हणतात आणि मी दर खेपेला पाण्याच्या बाटल्या मोजत असते. माझ्यासाठी ताणा मागावर चढवलेला आहे. हल्ली भाऊजींना सुताची टोकं दिसत नाहीत, बोटांनी चाचपतात. गाडीही फारशी निघत नाही.

माझ्या खिडकीला अजून माझाच पत्रा आहे. गार राहतं, दिसत काही नाही. स्वस्थ बसून माप द्यायचं तेवढं राहिलं आहे.