काळ्याची चाल

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीइतकी तंद्रीत जगणारी पोर अख्ख्या मीरा रोडात दुसरी नसेल. जिना चढताना स्वतःचा मजला विसरून ती थेट गच्चीवर पोचायची, आणि पोचलीच आहे म्हणून मग खाडीकडे बघत उभी राहायची. तिची खोड एकच, पण मुलखावेगळी. जगातली कुठलीही गोष्ट तिला समोरच्याच्या बाजूने बघावीशी वाटे. कोथिंबीर आणायला पाठवावं तर घासाघीस करता करता तिला भाजीवाल्याचंच पटायचं आणि ही बया त्याने मागितल्यापेक्षा जास्त देऊन यायची. "काकी, तो बिचारा वसईहून आणतो ना," असं वर मलाच समजवायची. बुद्धिबळातही तेच. आपली चाल झाली की उठून समोरच्या मुलीच्या खुर्चीमागे जायची आणि तिथून पट न्याहाळत राहायची. तरी जिंकायची, हे विशेष.

मुलींच्या ज्युनिअर स्पर्धेतला तो शेवटचा डाव होता. तिच्या बाबांनी बजावलं होतं, "निवड झाली तर पुढे खेळ, नाहीतर पट माळ्यावर. दहावी आहे." आईबाबा दोघं नोकरीवर, म्हणून सोबतीला मी. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण चाल केली की घड्याळाचं बटण दाबायचं एवढं माहीत होतं. तिने पांढरा घोडा उचलून पुढे ठेवला, तशी समोरच्या मुलीचा चेहरा पडला. आमची बाई उठली, तिच्या खुर्चीमागे गेली आणि पट बघत हसत उभी राहिली. बटण दाबलंच नव्हतं. वेळ हिचाच चालला होता. बोलायला बंदी, म्हणून मी खोकले, बांगड्या वाजवल्या. पंचांनी डोळे वटारले. शेवटी हिची वेळ संपून घड्याळातला इवलासा लाल झेंडा पडला आणि जिंकलेला डाव हातचा गेला.

रिक्षात मी धुमसत होते. ती म्हणाली, "काकी, तिकडून माझा घोडा काय सुंदर दिसत होता." माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मलाच रडू आलं.

ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. आता पुण्यात नोकरी करते. पट मात्र माळ्यावर गेला नाही. तिच्या बाबांनी तो डाव तिच्याकडून जसाच्या तसा मांडून घेतला, तो अजून त्यांच्या शोकेसवर आहे. परवा गप्पांच्या नादात मी सहज घोड्याला हात लावायला गेले.

"राहू दे वहिनी," ते हळूच म्हणाले. "तिची खेळून झालीय. आता काळ्याची चाल आहे."