पहिल्यांदा नाही म्हणायचं

सूनबाईने घरात फर्मान काढलं तेव्हा मी जेमतेम बासष्टची होते. म्हणजे अक्कल यायची होती. नातीला मोठ्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं, मुलाखत दोन महिन्यांवर आलेली. "तोवर तिच्याशी मराठी बंद. इंग्लिशमध्ये बोलायचं, नाहीतर बोलायचंच नाही."

घरात इंग्रजी न येणारी मी एकटीच. तेव्हा बाण कुणावर होता ते कळलं. मुलगा पेपरात तोंड घालून बसला. अगदी बापावर गेलाय.

शहाणी बाई भांडली असती. मी क्लास लावला. देवळात जाते असं सांगून नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर जायचे. शिकवायला रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ. "आजी, आपलं क्रियापद शेवटच्या पंगतीला बसतं. इंग्रजीत ते पहिल्याच पंगतीला, कर्त्याच्या मांडीला मांडी लावून." पुढं म्हणाले, "आय हॅव ईटन. म्हणजे जेवण झालंय आणि पोट अजून भरलेलं आहे."

घरी भाकऱ्या थापताना घोकायचे. एका भाकरीला एक वाक्य. क्रियापद पुढं ओढेस्तोवर तव्यावरची करपायची. "कडक भाकरी म्हणजे जळकी नव्हे," सूनबाई टोचायची. मी इंग्रजीत गप्प बसायचे.

पण नातीशी बोलणं सुरू झालं. "हॅव यू ईटन?" "येस आज्जी, आय हॅव ईटन." दोन महिने एवढ्या भांडवलावर आम्ही दोघी रुसलो, भांडलो, गळ्यात पडलो. आणि मी इतकी मूर्ख, की वाक्याबरोबर घरची रीतही शिकवून ठेवली. परक्यानं खायला पुढं केलं की पहिल्यांदा "नो, आय हॅव ईटन" म्हणायचं. हावरट दिसायचं नाही. दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं.

मुलाखतीच्या दिवशी तिघंही घाईत निघाली, मायलेकी तर उपाशीच. पुढचं मला मुलानं दारातच चपला काढता काढता सांगितलं. मॅडमनी केकची बशी पुढं केली. पोर म्हणाली, "नो, आय हॅव ईटन." सूनबाईची मान ताठ. मॅडमनी बशी बाजूला ठेवली आणि रंग विचारायला लागल्या. पोर बशीकडं बघत राहिली. आग्रह काही होईना. शेवटी टेबलावर हात आपटून ओरडली, "अवं, परत इचारा की! लई भूक लागलीया!"

बोली माझीच. त्यानंतर तिनं एका प्रश्नाला उत्तर दिलं नाही. शाळेनं तिथंच नकार दिला.

"तुमच्यामुळं झालं हे," सूनबाई माझ्यावर आली. "आता तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. इंग्लिशमध्येसुद्धा नाही."

नात तोवर भाकरी आमटीत चुरायला बसली होती. मी दुसरं ताट घेतलं आणि सूनबाईला विचारलं, "हॅव यू ईटन?"

"आय हॅव ईटन."

धडधडीत खोटं. सकाळपासून नुसत्या चहावर होती, मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हेही ठाऊक होतं. मी ताट उचलून परत फळीवर ठेवलं.

आमटीनं माखलेल्या तोंडानं नात म्हणाली, "आज्जी, परत इचार की तिला."

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाले, "मला तर बोलायची बंदी हाय. हितं कुणी काय विचारायचं आणि कशात, ते तुझ्या बायकोनंच सांगावं."

त्यानं पेपर शोधला. सापडला नाही. नात भाकरी मोडत होती.

"मराठीत विचारा," सूनबाई भिंतीला म्हणाली.

"आणि हिच्याशी?"

"तिच्याशीपण."

"मग जेवतीस का?"

"वाढा."

वाढलं. तूप तेवढं वाढलं नाही.