मला हिरवीच पाहिजे!

सूर्य मावळता मावळता क्षणभर हिरवा होतो, हे मला कळलं आणि त्यापायी माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. (जेमतेम सूर्य बुडेपर्यंतच मोडलेलं होतं, पण मोडलं ते मोडलं!)

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा गोखिवऱ्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत असे आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मुली बघत असे. मुलीकडचे मला नाकारण्यात इतके तरबेज झाले होते, की काही घरी चहाच्या आधीच नकार येई. शेवटी आईनं निर्वाणीचं सांगितलं, "दिलीप, निर्मळ गावचं हे स्थळ हातचं गेलं ना, तर मी सांगलीला भावाकडे जाऊन राहते. तू बस इथे, एखाद्या पंपाशी लग्न लावून!"

निर्मळचे अप्पा म्हणजे केळीच्या बागायतदारांतलं बडं प्रस्थ. मिशी अशी, की तिला वेगळी खुर्ची द्यावी. घरात ते आपल्या बोलीत बोलत, पण आमच्यासारख्या परक्यांशी मात्र ध्वजारोहणाला बोलावल्यासारखं शुद्ध मराठी काढत. "आमच्या गृही आपले स्वागत असो," म्हणाले. आई घाबरून "असो, असो" म्हणाली.

थोरली सुनंदा, शाळेत गणित शिकवणारी, पिवळ्या साडीत पोहे घेऊन आली. बघायचं होतं ते हिलाच. मागून धाकटी वंदना हिरव्या साडीत पाणी घेऊन आली. (हे रंग लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत, त्याचं पुढे रामायण झालं.)

मुलींशी काय बोलावं हे मला कधीच सुचत नसे. अशा वेळी नुकतंच वाचलेलं काहीतरी मी ओकून टाकी.

"मावळताना सूर्य शेवटी हिरवा दिसतो, माहितीये?"

आईनं कपाळाला हात लावला. आजवरच्या मुली अशा वाक्यानंतर आत निघून जात. ही म्हणाली, "हिरवा? का बरं?"

का बरं! अहो, आयुष्यात प्रथमच एका मुलीनं मला 'का' विचारलं होतं! मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि सुटलो. क्षितिजाजवळची हवा लोलकासारखी प्रकाश फोडते. तांबडा आधी बुडतो, हिरवा-निळा मागे रेंगाळतो. निळा वाटेतच विखरून जातो आणि अगदी शेवटच्या कडेला उरते ती हिरवी झळक! डोळा लवला की गेली. पण हवा स्वच्छ हवी, क्षितिज मोकळं हवं...

"मग कळंबच्या किनाऱ्यावर जाऊ या की," सुनंदा म्हणाली. "आज आभाळ स्वच्छ आहे."

त्याच क्षणी मी मनातल्या मनात तिच्या गळ्यात माळ घातली. ही हातची जाता कामा नये!

"उत्तम! उभयतांस मोकळेपणाने संभाषण करता येईल," अप्पा म्हणाले. आणि आम्हाला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून अप्पा, वंदना, अप्पांची साठीतली बहीण आत्याबाई आणि आमची आई असं सगळं वऱ्हाड केळीच्या टेम्पोत चढलं! आईला मान म्हणून पुढे बसवलं, बाकीचे मागे केळीच्या पानांवर. केळीचा चीक असा, की कापड फाटेल पण डाग जायचा नाही. कळंब येईपर्यंत माझ्या मुली बघण्याच्या खास पांढऱ्या पँटीवर, मागच्या बाजूला, अख्खा ठाणे जिल्हा तालुक्यांसकट उमटला.

सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा लालभडक सूर्य क्षितिजाच्या अजून बोटभर वर होता. नियम असा, की शेवटची कड उरेपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही, डोळ्यांना वाईट. हे मी टेम्पोत सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. आणि उतरल्याबरोबर मी स्वतःच दरोडेखोरावर पाळत ठेवावी तसे सूर्यावर डोळे रोखले! न जाणो, लवकर आटपलं तर?

आणि काय चमत्कार! सूर्याभोवती, पाण्यावर, वाळूवर, जिकडेतिकडे लखलखीत हिरवं!

"हिरवी!" मी बोंब ठोकली. "बघा, बघा! काय सुंदर आहे हो! आई, हिच्यासाठीच तर आलोय मी!"

मागे वंदनानं हिरवा पदर घट्ट ओढून घेतला.

"दिल्या," आई दातओठ खात म्हणाली, "पिवळी! अरे, आपण पिवळीला बघायला आलोय!"

"छे गं! पिवळी काय, रोजच दिसते! मला हिरवीच पाहिजे!"

अप्पा पुढे झाले. "महोदय, ज्येष्ठ कन्येचा प्रस्ताव असताना आपण कनिष्ठ कन्येविषयी..." इथे त्यांचं शुद्ध मराठी संपलं आणि पुढचं सगळं बोलीत आलं. त्यातला एकही शब्द मला कळला नाही. अर्थ मात्र काना-मात्रेसकट कळला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "नाही हो अप्पा! मी सूर्याचं बोलत होतो! मला ही पसंत आहे, हीच!" असं म्हणून मी वळलो आणि सुनंदा उभी होती तिकडे ठामपणे बोट दाखवलं. उभी 'होती'. आता माझ्या डोळ्यांपुढे फुटबॉलएवढा हिरवा गोळा नाचत होता आणि त्याच्यामागे कोण आहे, ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

"अगं बाई!" गोळ्यामागून आवाज आला. "या वयात?"

आत्याबाई होत्या!

अप्पा ताडताड टेम्पोकडे निघाले. आई वाळूतच बसली आणि टेम्पोवाल्याला सांगलीची गाडी कुठून मिळते ते विचारू लागली. संपलं! 'का बरं' विचारणारी एकुलती एक मुलगी मी स्वतःच्या तोंडानं घालवली होती.

"अप्पा, थांबा जरा." सुनंदाचा आवाज. मग मला म्हणाली, "तुम्ही सूर्याकडे कधीपासून बघताय?"

"उतरल्यापासून."

"आणि आत्ता माझ्या तोंडावर काय दिसतंय?"

"हिरवं."

"अप्पांच्या?"

"हिरवंच. मिशीसकट."

ती खो खो हसत सुटली. "अप्पा, यांचे डोळे दिपलेत! लालभडक बघून बघून थकले की डोळेच आपले हिरवं दाखवतात. सूर्य अजून अर्धा वर आहे, तो कुठला हिरवा व्हायला!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "समुद्राकडे पाठ करा. मी 'आता' म्हणेन तेव्हाच वळायचं."

मी पाठ केली. (तेवढाच ठाणे जिल्हा समुद्राकडे गेला.) मागे लाटा, पुढे अप्पांची मिशी. मी श्वास रोखून उभा.

"आता!"

मी गर्रकन वळलो. चपला ओल्या वाळूत रुतून तशाच राहिल्या, वळलो मी एकटाच, आणि धपकन आडवा! अख्खं खानदान माझ्याकडे बघत होतं. मी एका खेकड्याकडे बघत होतो. समुद्राकडे तोंड होतं ते फक्त सुनंदाचं.

"दिसली," ती हळूच म्हणाली. "पाचूसारखी."

परतताना अप्पांनी तिला बोलीत काहीतरी विचारलं, तिनं एका शब्दात उत्तर दिलं. अप्पांनी मिशीवरून हात फिरवून जाहीर केलं, "कन्येची संमती आहे. का, ते आम्हांस विचारू नये!"

का, ते मी लग्नानंतर तिलाच विचारलं. म्हणाली, "पाठ करा म्हटल्याबरोबर चकार शब्द न काढता पाठ करणारा माणूस पुन्हा कुठे मिळाला असता?"

तेव्हापासून मी त्या हिरव्या गोळ्याचा जन्माचा ऋणी आहे. मुलगी बघायला गेलेल्या माणसाला मुलगी दिसलीच नाही, मुलीला मात्र माणूस आरपार दिसला. आणि तरी ती 'हो' म्हणाली! मावळतीच्या सूर्याला मी आजही हात जोडतो ते उगीच नाही. दर हिवाळ्यात आम्ही स्कूटरवरून कळंबला जातो. मी पाठ करतो, ती "आता!" म्हणते, मी वळतो, आणि समोर नुसतं पाणी.

"हुकलात की हो!" ती म्हणते.

परवा लेकीनं मला बाजूला घेतलं. "बाबा, एक सांगू? आई 'आता' म्हणते ना, तेव्हा सूर्य पुरता बुडालेला असतो!"

"हळू बोल," मी म्हणालो. "मला पहिल्याच वर्षी कळलंय ते."

"मग आधीच वळून का नाही बघत?"

"अगं, माझ्यातला हा एकच गुण बघून तिनं होकार दिलाय. तोही घालवला, तर उरलं काय माझ्यात?"