चाचीचा ओटा

घाटनांदूरच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे. बाजारच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर चाची बांगड्या भरायला बसते. माझ्या सासूच्या वेळेपासून ती जागा तिची. बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या लेकीचा हिरवा चुडा चाचीनेच भरला आणि लेक तिच्या पाया पडली. चाचीचा धर्म तेव्हा कोणाला आठवला नाही.

निवडणुकीआधी एका नव्या जहाल पक्षाची पोरं दुकानोदुकानी फिरली. परधर्माच्या माणसाला ओटा देऊ नका, म्हणाली. बाजाराने हसण्यावारी नेलं. त्यांच्या सभेला माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त असायच्या.

पण सत्तेतल्या पक्षाचे आमचे आमदारसाहेब घाबरले. मतं तिकडं जातील म्हणून त्यांनी तेच बोलणं आपल्या सभेत केलं, जरा गोड शब्दांत. त्यांना वाटलं, पोरांच्या फुग्यातली हवा काढली. काढली कसली, भरून दिली! दुसऱ्याच दिवशी माझा दीर दुकानात हजर.

"वहिनी, चाचीला उठवा आता."

"कावून?"

"साहेबच म्हणायलेत. म्हंजी काहीतरी असंलच की."

काल पोरांना हसणारा हाच माणूस! माझं डोकंच फिरलं. "ओटा माझा हाय. चाची बसंल," मी सांगितलं.

चाचीच म्हणाली, "रैने दो बाई, तुमचं गिऱ्हाईक तुटंल."

तुटलंही. तरी दर बाजारी मी ओटा झाडून तिची सतरंजी स्वतः अंथरत राहिले.

निकाल लागला. साहेब पडले, नवा पक्ष निवडून आला. मी दिराला विचारलं, मत कोणाला दिलंत?

"नव्यांना," तो म्हणाला. "साहेब बी तेच म्हणायलेते. मग जे पहिल्यापासून म्हणतेत त्यांनाच दिलं."

पुढे साहेबांच्या लेकीचं लग्न ठरलं. बाईसाहेबांनी गडी पाठवला: चाचीला मागच्या दाराने घरी धाडा. चारचौघांत पाया पडणं नको होतं, इतकंच. चाची मुकाट्याने बांगड्या आवरायला लागली. मला लई वाईट वाटलं. मी तिचा हात धरला आणि गड्याला म्हणाले, "चुडा पायजे तर हितं या म्हणावं. बाजारात."

साहेबांच्या लेकीने घरी हट्टच धरला असणार, कारण लहानपणापासून ती चाचीकडूनच बांगड्या भरायची. पुढच्या बाजारी भर दुपारी मायलेकी ओट्यावर आल्या. साहेब गाडीतच बसून राहिले, काच वर करून. चुडा भरला. लेक वाकली आणि चाचीच्या पाया पडली. चाचीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळा बाजार बघत होता, माझा दीरसुद्धा.

मी ओट्यावरून उतरले आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.

"साहेब, ते सभेत बोललात. आता हे बी सभेत सांगा."

काच खाली आली नाही. मीही तिथून हलले नाही.