उंची, वजन, हाताची लांबी

जर्मनीत झिंडेलफिंगेनला असताना मी काही वर्षं अमेरिकन फुटबॉलची जाणकार होते. आयुष्यात एकच सामना टीव्हीवर लावला होता, तोही दहा मिनिटांत बंद केला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, उठतात आणि पुन्हा पडतात. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि पुण्यात जर्मन शिकवून आलेली मी घरात रिकामी. या खेळाच्या एका लहानशा जर्मन मासिकाला इंग्रजीतून भाषांतर करणारं कोणीतरी हवं होतं. तेवढ्यावर मी जाणकार झाले.

दर एप्रिलमध्ये अमेरिकेतले व्यावसायिक संघ कॉलेजांतले खेळाडू आपापसांत वाटून घेतात. घेतलेल्या प्रत्येक पोराविषयी पारखी म्हणवणारे लोक टिपण लिहितात. ती टिपणं ढिगाने माझ्याकडे यायची. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ. मग गुण, मग दोष. ‘कंबर ताठ आहे.’ ‘वळताना पाय अडकतात.’ एकाच्या दोषांत लिहिलं होतं, आईच्या आजारपणामुळे गेल्या वर्षी खेळावर लक्ष नव्हतं. आईचं आजारपण, आणि तेही दोषांच्या रकान्यात! बैल विकत घेणारा माणूससुद्धा एवढा निर्लज्ज नसतो.

हे लिहिणारे मला कधी दिसले नाहीत, पण माझ्या डोळ्यांसमोर कायम पोट सुटलेला, बस पकडायला धावला तर धाप लागेल असा माणूस यायचा. एकविशीतल्या पोराचं पुढचं सगळं आयुष्य चार ओळींत सांगून हे मोकळे. तोच पोरगा पुढे चमकला की ‘आम्ही म्हणालोच होतो’ म्हणायला हेच दीडशहाणे सर्वांत पुढे.

आमचा संपादक त्यांचाच भाऊबंद. ‘गुण कापा, दोष ठेवा, वाचकांना तेच आवडतं,’ असं मला फोनवर सांगायचा. पुढे पुढे मी मूळ टिपण धड वाचतही नसे. वजन जास्त दिसलं की ‘पाय जड’, वय जास्त दिसलं की ‘याची वाढ इथेच संपली’, असं मनाने ठोकून द्यायचे. कोणाला पत्ता लागला नाही. उलट संपादकाने माझ्या नजरेचं कौतुक केलं. मला त्याची कीव आली.

त्याच सुमारास मुलगी चौथीत होती. तिकडे दहाव्या वर्षीच वर्गाच्या बाई ठरवतात, मूल पुढे गिम्नाझियुमला जाणार, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वाटेला लागणार, की रेआलशुलंत जाऊन दहावीनंतर कामधंदा शिकणार. आमच्या राज्यात बाईंचा शब्द पाळावाच लागे. तो बदलायचा तर वेगळी परीक्षा द्यायची.

आम्हां दोघांना मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवून बाईंनी कागद वाचला. ‘शांत आहे, नीटनेटकी आहे. आल्झो, म्हणजे कसं, वेग कमी आहे. घरी जर्मन बोलत नाही ना तुम्ही?’ तेव्हा रेआलशुलं. बाईंचा आवाज इतका गोड होता की मला किळस आली. हीसुद्धा त्यातलीच एक, मी मनात म्हटलं. परतताना बसमध्ये मी बाईंना इतकी नावं ठेवली की, कोणाला मराठी कळत नसतानाही, नवरा सारखा आजूबाजूला बघत होता.

घरी आल्यावर त्याने परीक्षेचा फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. मुलगी समोरच बसून ब्रेडला जॅम लावत होती.

‘अगं, अजून दोन महिने आहेत. गणित मी घेतो, जर्मन तू घे. बसू दे की तिला परीक्षेला.’

‘कशाला उगाच?’ मी चहा गाळता गाळता म्हटलं. ‘तिचा तेवढा वेग नाहीये. तिला नाही झेपायचं.’

‘अगं, तिच्यासमोर काय बोलतेस?’

‘मग? आहे ते आहे.’

किती सहज बोलले मी. विचारसुद्धा करावा लागला नाही. त्या सगळ्या पारख्यांचा, संपादकाचा आणि बाईंचा मिळून आला नसेल एवढा तिटकारा मला आज त्या चहा गाळणाऱ्या बाईचा येतो.

आमची मुलगी मराठीत बोलायची नाही, पण एकूण एक शब्द तिला कळायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे मीच कौतुकाने सांगायचे. तिने सुरी खाली ठेवली, बोटं पुसली, फॉर्मची नीट घडी केली आणि बाबाच्या हातात दिली.

‘शाफ इश् निश्ट, बाबा,’ ती म्हणाली. मला नाही जमणार.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की जमेल, बस परीक्षेला. मी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.