कोरडा ठेवलेला टँक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, जुन्या मित्रांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू.

विजापूर रोडला आमचं घर आहे. टॉवेलचा कारखाना बरा चालत होता त्या काळात मी घरामागं पोहायचा टँक बांधला. सोलापुरात, जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं टँक! बोअरला पाणी चांगलं लागलं होतं, एवढंच निमित्त. आणि खरं सांगू? मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. पाहुण्यांना दाखवायला बांधला होता तो.

पण निगा मी मनापासून राखायचो. उन्हाळ्यात जरा दुर्लक्ष झालं की पाणी हिरवं पडतं. क्लोरीन टाकायचं, फिल्टर धुवायचा, कडुनिंबाचा पाला जाळीनं काढायचा. थंडीत नुसती धूळ — तळ घासत बसायचं. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं मात्र मी कधी गेलो नाही.

पुढं गेली ती पद्मा, माझी बायको. पन्नाशी उलटल्यावर. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. सुट्टीला आलेल्या भाचीनं हात धरून पोहायला शिकवलं, आणि उन्हाळा सरायच्या आत बाई खोल बाजूला जाऊन पाठीवर तरंगायला लागली. डोळे मिटून. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा मी कधी पाहिला होता का? मग शेजारच्या शमीमभाभी यायला लागल्या, समोरच्या महादेवी वैनी आल्या. घरामागं दुपारभर हसणं. महादेवी वैनी म्हणायच्या, "लई हलकं वाटतंय की ओ अंग!"

एकदा मी काठावर जाळी घेऊन उभा होतो. पद्मा खोल पाण्यातून म्हणाली, "अहो, या की इकडं. घाबरू नका, धरते मी तुम्हाला."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्यात वाईट काही नव्हतं — खरंच नव्हतं. पण जाळी ठेवून घरात आलो तेव्हा माझे कान तापले होते.

पुढच्या मे महिन्यात मोठं वादळ झालं. कडुनिंबाची फांदी मोडून टँकमध्ये पडली, कुणाचे तरी पत्रे उडून आले, पाण्याचा गाळ झाला. मी सगळं पाणी उपसलं, टँक धुतला, फरशी न् फरशी हात फिरवून पाहिली. पद्मा वरच्या पायरीवर उभी होती. "कधी भरायचा?" तिनं विचारलं.

"तळाला भेग गेलीय," मी म्हणालो. "पाणी राहायचं नाही आता."

भेग नव्हती. कुठंच नव्हती.

आधी ठरवून बोललो नव्हतो. पण संध्याकाळपर्यंत ते मागं घेता आलं असतं की! पुन्हा पाहिलं, काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही मी म्हणालो नाही. ती मिस्त्रीला बोलवा म्हणायची, मी बोलावतो म्हणायचो. बायका यायच्या थांबल्या.

आणि टँक सांभाळण्यापेक्षा ते खोटं सांभाळणं कठीण होतं. पाऊस पडला की टँकमध्ये पाणी साचायचं — आणि भेग नसल्यामुळं तसंच राहायचं. ती उठायच्या आत मी पंप लावून ते बागेत सोडायचो. पावसाळाभर. तोवर तिचे गुडघे पुन्हा धरले होते. भिंतीला हात लावत ती माझ्यासाठी चहा घेऊन यायची, आणि तो चहा मी प्यायचो.

पावसाळा संपत आला तेव्हा एका मयतीला मला करमाळ्याला जावं लागलं. मुक्काम पडला, आणि इकडं जोराचा पाऊस झाला. परत आलो तर पद्मा टँकच्या काठाला खुर्ची टाकून बसलेली. खाली खोल बाजूला गुडघाभर पाणी. नितळ.

"राहिलंय की पाणी," ती म्हणाली.

"भेगेत गाळ बसला असेल."

तिनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "असेल," म्हणाली, आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली.

पुन्हा तिनं टँकचं नाव काढलं नाही. उन्हाळ्यात मीच भेग बुजवून घेतली असं सांगितलं आणि टँक भरला. शमीमभाभींना निरोप दिला. त्या आल्या, पाण्यातून पद्माला हाका मारायला लागल्या. ती पायरीपर्यंत आली, वाकून पाण्याला बोटं लावली.

"तुम्ही पोहा भाभी," म्हणाली. "माझी सवय मोडली."

ती पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. मी विचारलेलं नाही, सांगितलेलंही नाही.

आत्ता ती आत डाळ निवडतेय, मला इथून दिसतेय. खुर्चीतून उठताना तिला टेबल धरावं लागतं. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. हे माझ्यामुळं झालंय.